मायच्या तोंडी उरलेलं ‘बरं’

प्रिय माय,

परवा मामाने मला शिवी दिली आणि मी पदर तोंडाला लावून रडले. म्हणून तुला लिहायला बसले आहे.

वरण अळणी होतं. बायपास झालेल्या माणसाला मीठ कमी द्यायचं असं बजावलंय, तर मी काय करू? पहिला घास घेतला आणि तुझा धाकटा भाऊ ताट ढकलून ओरडला, “बिनडोक पोट्टी! हे वरण हाय का आंघोळीचं पाणी? म्हशीच्या सरकी-ढेपीलेही यापेक्षा चव असते!” तोच आवाज, तीच धार. एसटीच्या स्टिअरिंगवर बसून दारव्हा ते आर्णी साऱ्या रस्त्याला शिव्या घालणारा गौतममामा जसाच्या तसा घरी आला होता. त्याची छाती उघडली, हृदयाला नवे रस्ते जोडले, पुन्हा शिवली; पण आतला माणूस कुणी बदलला नव्हता!

रडून झालं आणि मग मी मागच्या मोरीवर जाऊन ओकले. खरंच ओकले, माय. पोटात काही नव्हतं तरी ओकारी थांबेना. कारण तू आठवलीस. तुझं आणि त्याचं ऑपरेशन एकच. त्याचा शब्दही इकडचा तिकडे झाला नाही, आणि तुझ्या तोंडातली सगळी भाषा पुसली गेली.

काल मी नागपूरला तुझ्या त्या डॉक्टरकडे जाऊन आले. तिथे जे ऐकलं ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. पण ते एकदम नको. आधीपासून सांगते.

तू कशी होतीस हे तुला काय सांगायचं? पण मला आठवून घ्यायचंय. लोकांनी तुझी दुसरीच बाहुली करून ठेवली आहे ना!

कापसाची ती वाईट वर्षं होती. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. कुणाच्या घरी मरण झालं की थोड्या दिवसांनी गाड्या यायच्या, धूळ उडवत, एकामागे एक. साहेब उतरायचे, बाटलीबंद पाणी प्यायचे, फोटो काढायचे, जायचे. बाटल्या आपल्या गावात राहायच्या.

त्या दिवशी शालूवहिनीच्या दारात तेच चाललं होतं. नवरा गेलेला, मांडीवर लेकरू, आणि कुणी तरी साहेब तिला म्हणाला, बाई, जरा पुढे उजेडात उभ्या राहा, इथे फोटो नीट येत नाही. तू सरपंच म्हणून त्यांच्या स्वागताला गेली होतीस. हातात हार होता. हार तसाच खांबाला अडकवलास आणि काय म्हणालीस, आठवतं?

“सायेब, तिले उनात कायले उभी करता? वाळवण हाय का ते? तिच्या लेकराच्या पोटात सकाळपासून काही नाही. तुमीच व्हा उनात उभे, तुमचाच फोटो काढा, आन् खाली लिहा का यायले लय दुःख झालं!”

साहेब काळाठिक्कर पडला. आणि तू त्याच्याबरोबरच्या कारकुनाला सगळ्या बाटल्या वेचायला लावल्यास. वाकून वाकून वेचत होता बिचारा! मी माहेरपणाला आले होते. मला लाज वाटावी की हसू यावं, कळेना.

सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेही आपल्या लोकांसाठी, तेव्हा उपसरपंचाला वाटलं होतं, बरं झालं, बुद्धविहाराजवळची ही बाई खुर्चीत बसेल आणि कारभार आपण पाहू. पहिल्या सभेत त्याने शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला होता. तू हात पुढे केलास. “भाऊ, शिक्का इकडं द्या. शिक्का माया हाय, हातही मायाच हाय.” त्या दिवसापासून तो तुझ्या वाईटावर होता.

आणि टाकी! आपल्या बौद्धपुऱ्यात नळ नव्हता. बायका वरच्या वस्तीतल्या हापशीवर जायच्या, आणि तिथे कोण आधी भरणार यावरून काय काय ऐकून घ्यायच्या, ते तू लहानपणापासून ऐकलंस. पाण्याची टाकी मंजूर झाली तेव्हा तू म्हणालीस, ती आपल्या पुऱ्याच्या तोंडाशीच होणार. उपसरपंचाला ती खालच्या अंगाला, त्याच्या मळ्याकडे हवी होती. ग्रामसभेत तू त्याला नुसती उत्तरं द्यायची नाहीस, सोलून ठेवायचीस.

मग छाती भरून यायला लागली. पंचायतीच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरून उभी राहायचीस. नागपूरला तपासणी झाली. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या. बायपास करायचं ठरलं.

तो डॉक्टर दारव्ह्याला शिबिरं घ्यायचा. आपल्या भागातला, मोठं नाव. “देवमाणूस हाय तो,” तू म्हणालीस. माय, एवढी दुनिया पारखून घेणारी तू! कलेक्टर कचेरीतल्या शिपायाचं बोलणंही दोनदा तपासायचीस. मग त्या एका माणसापुढे काहून हात जोडलेस? पांढऱ्या कोटाला एवढं का भ्यायचं असतं?

पण नाही, तू भ्याली नव्हतीस. तू त्याला सांगितलं होतंस. मी पलंगाशेजारीच उभी होते.

“डॉक्टरसायेब, एक गोष्ट राहूनच गेली. दोन-तीनदा असं झालं, का डाव्या डोळ्यावर पडदाच पडला. काई दिसेना. घडीभरानं पुन्हा सारं साफ. आन् एकदा हा उजवा हात असा मेल्यावानी झाला. चाहाचा कप सुटला हातातून.”

त्याने मान वर केली नाही. ज्युनिअरशी इंग्रजीत काही बोलला, मग म्हणाला, “चष्म्याचा नंबर तपासून घ्या नंतर. वयोमानाने होतं असं.”

“अस्सं! मले वाटलं, मी वयात येऊन राह्यली!” तू म्हणालीस, आणि अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या म्हातारीला तर ठसका लागला. तो एकटा हसला नाही. पुढच्या पलंगाकडे गेला.

तुझा तो शेवटचा विनोद.

त्या वेळी मला कुठे माहीत होतं की हृदयाच्या ऑपरेशनआधी मेंदूचंही विचारायचं असतं? आम्ही आर्णीला मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारी माणसं. ते माहीत असणं त्याचं काम होतं. आणि त्याला ते माहीत होतं, माय! हेच तर घशाखाली उतरत नाही.

ऑपरेशन करून तो बाहेर आला तो हसतच. “एकदम झकास! आता हृदय घोड्यासारखं पळेल.” मी त्याच्या पाया पडले. आज त्या आठवणीनेही कपाळाला घाण लागल्यासारखी वाटते.

तू डोळे उघडलेस तेव्हा तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात चादरीवर तसाच पडलेला.

“माय, पाणी पाह्यजे?”

“बरं.”

“दुखते का लय?”

“बरं.”

“मी कोण व? मले ओळखलं का?”

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. डोळ्यांत ओळख होती, खूप होती. ओठ हलले, काही तरी मोठं यायला लागलं, आणि बाहेर पडलं, “बरं.”

डॉक्टर म्हणाला, भूल उतरायची आहे. मग म्हणाला, थोडी सूज असेल. मग घाईघाईने मेंदूचा फोटो काढला आणि म्हणाला, “झटका आलाय. होतं कधी कधी. पण हृदय मात्र फर्स्ट क्लास!”

फर्स्ट क्लास! जसं काही आम्ही तुझं हृदय तेवढं दुरुस्तीला टाकलं होतं आणि बाकीची तू त्या हृदयाचं गाठोडं होतीस.

घरी आलीस. पाय सुधारला. काठी टेकत अंगणात यायला लागलीस. भाषा मात्र आली नाही. भूक लागली, बरं. ऊन लागलं, बरं. कुणी मेल्याची बातमी आली, बरं. जन्मात कधी कुणाला सरळ ‘बरं’ न म्हटलेली माझी माय!

तुला आत सगळं कळत होतं का गं? मला वाटतं, पुष्कळ कळत होतं. एकदा तू माझ्या ब्लाउजची बाही घट्ट धरलीस, पंचायतीच्या दिशेला हात केलास आणि “बरं! बरं! बरं!” असं ओरडलीस. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ते ‘बरं’ म्हणजे तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिवी होती, हे मला कळलं. पण ती कुणाला होती, ते कळलं नाही.

आणि बायका काय म्हणायच्या? “आता कशी शांत झाली! ऑपरेशननं सोभाव सुधरला बाईचा.” आपल्याच पुऱ्यातल्या बायका, ज्यांच्यासाठी तू गावाशी भांडलीस! त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. एकदा आपटलंही.

ती शिवी कुणाला होती, ते थोड्याच दिवसांत समजलं. मी आर्णीहून आले तर तुझ्या डाव्या अंगठ्याला निळी शाई. शेजारच्या कौशल्याकाकूने सांगितलं. उपसरपंच पुन्हा आला होता, या खेपेला दोन सदस्य साक्षीला घेऊन, पायातले जोडे बाहेर काढून, लय अदबीनं. तुझ्यासमोर बसला.

“सरपंचबाई, टाकी खालच्या अंगाला घेऊन राह्यलो. तुमची मंजुरी हाय ना?”

“बरं.”

“पाहा भाऊ, सगळ्यायच्या समोर म्हणाल्या.”

आणि तुझा अंगठा धरून टेकवला. तू हात ओढत होतीस असं काकू सांगते. ते तिघे हसत होते म्हणे. सभ्यपणे, हळूच.

मी तहसीलला गेले, पंचायत समितीला गेले. जिथे जाईन तिथे एकच उत्तर: बाईंनी स्वतः होकार दिला, साक्षीदार आहेत, आणि त्या खुर्चीवर बसायच्या लायक नसत्या तर तुम्ही आधी का नाही सांगितलं? म्हणजे मी माझ्या तोंडाने म्हणायचं की माझी माय बिघडली! टाकी खालच्या अंगाला झाली. आपल्या बायका अजून वरच्याच हापशीवर जातात.

किळस ही काय चीज असते, हे मला तेव्हा कळायला लागलं. राग येतो आणि जातो. किळस अंगाला चिकटून राहते, कितीही धुवा.

पण खरी किळस दारव्ह्याला होती.

हृदयरोगाचं शिबिर होतं. मला कुणी सांगितलं नाही. उपसरपंचाने तुला स्वतःच्या जीपमध्ये घालून नेलं, कारण त्यालाही मोठ्या माणसांजवळ बसायचं होतं. मला निरोप मिळाला आणि मी स्कूटीवरून पोहोचले, तेव्हा मंडप भरला होता आणि तू स्टेजवर. नवी साडी नेसवलेली, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. ओठाच्या कडेने लाळ गळत होती, आणि फोटोवाला समोर आला की उपसरपंच त्याच शालीच्या टोकाने ती पुसायचा. लेकासारखा!

डॉक्टर माइकवर म्हणाला, “ही माउली मरणाच्या दारात होती. आज पाहा, तुमच्यासमोर बसली आहे.” मग वाकून तुझ्या तोंडापुढे माइक धरला. “सांगा आजी, कसं वाटतंय आता?”

तू मंडपाकडे पाहिलंस. एवढी माणसं! तुझ्यासमोर एवढी माणसं असली की पूर्वी तू काय काय बोलली असतीस! तुझा जबडा हलला, डोळे भरले.

“बरं.”

“ऐकलंत? बरं वाटतंय म्हणतात!”

टाळ्या. माय, टाळ्या! पाचशे लोक असतील की हजार, मला माहीत नाही, सगळे टाळ्या वाजवत होते. तू पुन्हा जोरात “बरं! बरं!” ओरडलीस, आणि टाळ्या आणखी वाढल्या. मी स्टेजवर चढले, तुझ्या मांडीवरचा नारळ खाली टाकला आणि तुला उठवलं. लोकांना वाटलं, म्हातारीला लघवीला न्यायचं असेल.

तूर फुलावर आली होती तेव्हा तू गेलीस. दुसरा झटका. सकाळी अंगणात बसली होतीस ती तशीच कलंडलीस. तुझं कळल्यावर त्या हॉस्पिटलातून कुणाचा तरी फोन आला. “हार्टचा तर काही प्रॉब्लेम नव्हता ना?” त्याला एवढंच हवं होतं. मी म्हटलं, नाही, हृदय फर्स्ट क्लास होतं. आणि फोन भिंतीवर आपटला.

मग, तुला जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर, या वर्षी मामाची छाती. तेच दुखणं, तशाच बंद रक्तवाहिन्या. आणि नातेवाईक काय म्हणाले असतील? “त्याच डॉक्टरकडं न्या. आपल्या माणसांची लय काळजी घेते.” मी म्हटलं, मामाला मी बैलगाडीत घालून समुद्रापर्यंत नेईन, पण त्या दारात नेणार नाही.

नागपुरातच दुसऱ्या एका हॉस्पिटलात एक डॉक्टरबाई हृदयाची ऑपरेशनं करतात. मी प्रश्न घोकून गेले होते. पण मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच मामाला विचारलं, “कधी हातपाय बधिर झाले? बोलताना जीभ अडखळली? एका डोळ्यापुढे अंधारी आली, पडदा पडल्यासारखी?”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पहिल्याच भेटीत! कुणी न सांगता!

मग मामाच्या मानेवर थंड जेली लावून मशीन फिरवली. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या पाहिल्या. “गुदगुल्या होतात व बाई,” मामा म्हणाला. थोड्या अरुंद होत्या, पण धोक्याएवढ्या नाहीत. नंतर छातीचा वेगळा फोटो काढला, आणि डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं.

“तुम्ही काय करता?”

“गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे आमचं.”

“मग तुम्हाला लगेच कळेल. जुन्या गाडीचा पेट्रोलचा पाइप चिमट्यात दाबला तर काय होतं?”

“आतली घाण सुटते. कार्बोरेटरात जाऊन बसते. गाडी बंद.”

“तसंच. तुमच्या मामांच्या हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते, तिच्या भिंतीला आतून चुन्यासारखा थर धरलाय. नेहमीच्या ऑपरेशनसारखा तिथे चिमटा लावला तर कण सुटतील आणि रक्तातून मेंदूत जातील. म्हणून मी तिला हातच लावणार नाही. हृदय चालू ठेवूनच टाके घालायचे, आणि नवे रस्ते छातीतल्याच रक्तवाहिन्यांचे करायचे. ऑपरेशनभर रक्तदाब पडू द्यायचा नाही, म्हणजे मेंदूला रक्त पुरेल. आणि नंतर ठोके अनियमित होतात का यावर लक्ष ठेवायचं, कारण त्यातूनही गुठळी होते.”

“मग मेंदूला काही होणार नाही ना?”

“असं मी म्हणणार नाही. धोका शून्य होत नाही. कमी होतो. तो कमी करणं माझ्या हातात आहे, तेवढं मी करणार.”

माय, इतक्या वर्षांत एखाद्या डॉक्टरने खरं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मी तुझं सांगितलं. डोळ्यावरचा पडदा, मेलेला हात, सुटलेला कप. डॉक्टरबाई म्हणाल्या, “ती मेंदूने मारलेली हाक होती. डाव्या बाजूची मान आधी पाहायला हवी होती. पाहिली असती तरी काही झालंच नसतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण न पाहता पुढे जायला नको होतं.”

“हे सगळं आता नवीन निघालं असेल ना?”

मला वाटत होतं, त्यांनी ‘हो’ म्हणावं. म्हटलं असतं तर मी त्या माणसाला माफ करून टाकलं असतं.

“नाही हो. मानेची तपासणी तर मी शिकत होते तेव्हाही होतीच.”

ऑपरेशननंतर नर्सने मामाला उठवलं. काका, दोन्ही हात वर करा. केले. जीभ दाखवा. दाखवली. नाव सांगा. “गौतम. रिटायर ड्रायवर. आन् तू कोण व, सकाळपासून झोपू देत नाहीस ते?” डॉक्टरबाई हसल्या.

आता कालचं.

मामाची शिवी ऐकल्यापासून मला बसवेना. काल पहिल्या एसटीने नागपूर गाठलं आणि पेशंटसारखा नंबर लावून त्या माणसाच्या केबिनमध्ये गेले. केस पिकलेत त्याचे. भिंतीवर तसल्याच शिबिरांचे फोटो, हार, शाली. मी म्हटलं, मी पेशंट नाही, माझ्या मायबद्दल बोलायला आले. गाव सांगितलं, नाव सांगितलं, ती दुसऱ्या झटक्याने गेली तेही सांगितलं. आठवेना त्याला.

मी विचारलं, “तिने तुम्हाला डोळ्यावरच्या पडद्याचं सांगितलं होतं. हात मेल्याचं सांगितलं होतं. तुम्ही तिची मान का नाही तपासली?”

सुगंधी रुमालाने त्याने एक एक बोट पुसलं. “हे पाहा ताई, मी हृदयाचा माणूस. हृदय शेवटपर्यंत चाललं ना? मग?”

“मग तिला बोलता येत नव्हतं. ‘बरं’ सोडून एक शब्द नाही. तुम्हीच दारव्ह्याला तिच्या तोंडापुढे माइक धरला होता.”

आणि त्याचा चेहरा उजळला! माय, खरोखर उजळला. कुणी जुनं ओळखीचं भेटावं तसा तो खुर्चीत पुढे सरकला.

“अरे हो, त्या सरपंचबाई! किती गोड बाई! शांत, समाधानी. तक्रारीचा एक शब्द नाही. अशा स्वभावाचे पेशंट फार कमी मिळतात हो.”

तो थट्टा करत नव्हता. खोटंही बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो तुझा स्वभाव! ऑपरेशनआधी अख्ख्या वॉर्डला हसवणारी बाई त्याने पाहिलीच नव्हती. तिच्या छातीत त्याचे हात गेले, पण तिच्या तोंडाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, “डॉक्टर, माझी माय शांत नव्हती. तिला तुम्ही शांत केलंत.”

त्याने पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

बाहेर बाकावर एक म्हातारा आणि त्याची सून बसली होती. नेरकडची माणसं. बायपाससाठीच आलेले. मी तिच्याशेजारी बसले. “बाई, आबांची मान तपासली का?”

“मान? मान कायले? दुखणं तर छातीत हाय.”

मग मी सांगितलं. पाइप, घाण, कार्बोरेटर, सगळं. म्हाताऱ्याने ऐकलं आणि सुनेकडे वळला. “मंग विचार न व सायबाले. विचाराले काय जाते?” तिने पदर खोचला आणि आत गेली. दाराआडून तिचा आवाज ऐकू येत होता, पहिल्यांदा बारीक, मग चढत गेलेला. कंपाउंडर मला उठवायला आला. मी उठले नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली, कपाळावर घाम. “करतो म्हणाले. मानेची सोनोग्राफी लिहून देतो म्हणाले.”

एवढंच लागत होतं, माय. कुणी तरी विचारणारं.

या माणसाविरुद्ध मी तक्रार करणार आहे, जिथे करायची तिथे. तिचं काय होईल मला ठाऊक नाही. आपल्या देशात तक्रारीचं काय होतं ते तू माझ्याहून जास्त जाणतेस. पण हे वचन तेवढं पक्कं धर. दारव्हा, नेर, आर्णी, जिथे जिथे असलं शिबिर भरेल तिथे मी पहिल्या रांगेत बसणार. माइक दिला नाही तरी उभी राहणार, आणि विचारणार, मान तपासता का? पेशंटला आधी काय काय झालं ते ऐकून घेता का? उठल्यावर माणूस तोच आहे का, ते पाहता का? आणि जो कुणी म्हणेल की सरपंचबाई मोठ्या गोड होत्या, त्याला मी शालूवहिनीच्या दारातली गोष्ट सांगणार. शिव्यांसकट.

आणि तेव्हा कुणी मला म्हणालं, बाई, जरा हळू बोला, तर मी हळू बोलणार नाही.

तुझी पोट्टी,
सुजाता